इंदूरचे खत आणि सर अल्बर्ट हॉवर्ड



इंदूरचे नाव निघाले की बाहेरगावच्या माणसाला पोहे-जिलेबी आठवते, सराफा आठवतो आणि २०१७ सालापासून लागोपाठ मिळालेला स्वच्छतेचा पहिला क्रमांक आठवतो. पण त्याच्या पुष्कळ आधी, १९३१ सालापासून, आपल्या गावाचे नाव जगभरच्या शेतकी पुस्तकांत छापले जात आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. कंपोस्ट खत तयार करण्याच्या एका रीतीला जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. ती रीत बसवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांची ओळख या अंकात करून देत आहे. हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचे जनक मानतात. त्यामुळे त्यांच्यावर जे लिहिले जाते ते बहुधा शेतीपुरतेच असते. गावच्या मैल्याचे काय करावे, हा त्यांच्या कामाला लागून असलेला दुसरा प्रश्न मागे पडतो. आजच्या दिवसांत मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. विषय ऐकून नाक मुरडू नये, एवढी विनंती.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात बिशप्स कॅसल येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि नंतर केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांवर बुरशीतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागले. तिथे त्यांच्या मनात एक शल्य घर करून राहिले. पिकांच्या रोगांवर ते शेतकऱ्यांना सल्ला देत, पण तो सल्ला स्वतः पिकवून पाहायला त्यांच्याजवळ वीतभर जमीन नव्हती. प्रयोगशाळेत बसून दुसऱ्याच्या शेताची दुरुस्ती सांगायची, हे शेतकऱ्याच्या मुलाला पटणारे नव्हते.

१९०५ मध्ये हिंदुस्थान सरकारने त्यांना बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमले. (दिल्लीत आज ज्याला आपण पुसा म्हणतो ते नाव याच बिहारच्या गावावरून आले आहे. १९३४ च्या भूकंपात मूळ इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला गेली.) त्याच वर्षी त्यांचे लग्न गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाले. गॅब्रिएल बाई स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. प्रकाश आणि उष्णता यांचा पानाच्या अन्न तयार करण्यावर काय परिणाम होतो, यावर त्यांनी ब्लॅकमन यांच्याबरोबर केलेले काम मोलाचे आहे. अकरावीच्या जीवशास्त्रात ज्यांना ब्लॅकमनचा नियम आहे, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे, कारण पाठ्यपुस्तकात ते सापडत नाही. पुढे पंचवीस वर्षे नवरा-बायकोने एकत्र काम केले. गव्हाचे पुसा ४ आणि पुसा १२ हे प्रसिद्ध वाण दोघांच्या श्रमाचे फळ आहे.

पुसा येथे हॉवर्ड यांना अखेर ७५ एकर जमीन मिळाली. मग त्यांनी एक जगावेगळी गोष्ट केली. आसपासचे बिहारी शेतकरी औषधे न फवारता चांगली पिके कशी काढतात, हे ते बघत बसले. इंग्रज अधिकारी हिंदी शेतकऱ्याला शिकवायला येत, हे शिकायला बसले. शेतकरी आणि पिकावरची कीड हे दोघे आपले गुरू आहेत, असे ते पुढे आयुष्यभर मानत आले. कीड पडली म्हणजे जमिनीत किंवा लागवडीत काहीतरी चुकले आहे, तिला मारण्याआधी ती काय सांगते ते ऐकावे, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या बैलांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. उत्तम चारा खाऊन वाढलेले त्यांचे बैल शेजारच्या वाड्यातील लाळ्या-खुरकताने आजारी जनावरांशी नाक घासत, तरी त्यांना रोग झाला नाही, असे त्यांनी नोंदवले आहे. यावरून चांगल्या जमिनीत वाढलेल्या पिकाला आणि ते खाणाऱ्या प्राण्याला रोगच होत नाही, असे ते म्हणू लागले. माझ्या मते इथे साहेब थोडे पुढे गेले. विज्ञानाने त्यांचे हे म्हणणे सगळेच्या सगळे मान्य केलेले नाही, आणि घरच्या गाई-म्हशींना लस टोचणे कोणी थांबवू नये.

पुसा येथे एक अडचण होती. बी-बियाणे एका खात्यात, बुरशी दुसऱ्यात, कीटक तिसऱ्यात, माती चौथ्यात. संपूर्ण पिकाचा विचार करायला कोणी मोकळा नव्हता. हॉवर्ड दांपत्याला एकच, अखंड संस्था हवी होती. ती १९२४ मध्ये आपल्या इंदूरला उभी राहिली. कापसाच्या संशोधनासाठी असलेल्या मध्यवर्ती समितीचा पैसा, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांची वर्गणी आणि होळकर दरबाराने दिलेली सुमारे ३०० एकर जमीन, यांवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. आज तिथे आपले कृषी महाविद्यालय आहे.

माळव्याच्या काळ्या मातीला खत हवे होते, आणि शेण तर घरोघर गोवऱ्या थापून चुलीत जात होते. चीनचे शेतकरी शतकानुशतके पालापाचोळा, गाळ आणि माणसाचा मैला यांपासून खत करून जमीन कसदार ठेवतात, हे हॉवर्ड यांनी अमेरिकन लेखक किंग यांच्या १९११ च्या पुस्तकात वाचले होते. त्याला त्यांनी रसायनशास्त्राची जोड दिली. या कामी त्यांना लाभलेले सहकारी म्हणजे संस्थेतील रसायनशास्त्राचे मुख्य सहायक यशवंत वाड. आपल्या मराठी कानाला हे नाव ओळखीचे वाटेल. १९३१ मध्ये ऑक्सफर्डने छापलेल्या, शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याच्या पुस्तकावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. इंग्रज संचालकाच्या शेजारी हिंदी सहायकाचे नाव मुखपृष्ठावर येणे, ही त्या काळी रोजची गोष्ट नव्हती.

पद्धत समजायला सोपी आहे. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन ते तीन फूटच खोल असा उतरत्या बाजूंचा खड्डा घ्यायचा. त्यात काडीकचरा, तण, पाने यांचा थर, त्यावर शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख. पुन्हा थर, पुन्हा शेण. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक असतात म्हणून त्या आधी शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. ढीग ओलसर हवा, पण पाणी ठिबकता कामा नये. आत हवा खेळावी म्हणून पहारीने उभी भोके पाडायची. दोन-तीन आठवड्यांनी एकदा उपसून उलटायचे, पाचव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्यांदा. तीन महिन्यांत काळेभोर, मातीचा वास असलेले खत तयार. आधी बुरशी आणि मग जिवाणू हे काम करतात, आणि ते करताना ढीग इतका तापतो की आत हात घालवत नाही. ही उष्णता लक्षात ठेवावी, पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

ऑगस्ट १९३० मध्ये गॅब्रिएल बाई वारल्या. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्यानंतर लगेच इंदूर पद्धत केनियातील कॉफीच्या मळ्यांत आणि ठिकठिकाणच्या चहाच्या बागांत पोहोचली. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. पण मला सांगायचे आहे ते मागे इंदुरात चाललेल्या कामाबद्दल.

त्या काळी गटारलाइन फार थोड्या शहरांत होती. घरोघरी टोपलीचे संडास होते. मैला गोळा करून गाड्यांतून गावाबाहेर नेत आणि लांब चर खणून त्यात पुरत. इंग्रजीत चराला ट्रेंच म्हणतात. देवगुराडियाच्या कचऱ्याच्या जागेला आपण अजून ट्रेंचिंग ग्राउंड म्हणतो, तो शब्द या रीतीतून आलेला आहे. चरात मैला जाड थराने पडे, हवा लागत नसे, म्हणून तो कुजण्याऐवजी सडत राही. घाण वास आणि माशांचे थवे हे त्या जागेचे लक्षण. पावसाळ्यात त्यातले पाणी नाल्यात आणि विहिरींत जाई. कॉलरा आणि विषमज्वर यांना आमंत्रणच ते.

यावर उपाय काय, याचा विचार इंदुरात हॉवर्ड यांच्याही आधी झाला होता. प्लेगने गांजलेल्या या शहराची योजना करण्यासाठी दरबाराने स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना बोलावले होते. १९१८ च्या आपल्या अहवालात त्यांनी महागड्या भुयारी गटारांतून सगळे नदीत सोडण्यापेक्षा शहराची घाण बागांच्या आणि मळ्यांच्या कामी लावावी, या बाजूने कौल दिला. ते कसे करायचे, याची पक्की रीत मात्र तेव्हा हाती नव्हती. ती हॉवर्ड यांच्या ढिगात सापडली.

१९३३ च्या सुमारास जॅक्सन आणि आपले यशवंत वाड यांनी इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटण अशा तीन ठिकाणी इंदूर पद्धत शहराच्या घाणीला लावून पाहिली. खड्ड्यात आधी शहराच्या कचऱ्याचा थर, त्यावर मैल्याचा अगदी पातळ थर, लगेच वर पुन्हा कचरा. शेणाची जागा मैल्याने घेतली, इतकाच फरक. मैल्यात नत्र भरपूर असते, कचऱ्यात कार्बन. दोघे नीट मिसळले आणि हवा मिळाली की ढीग तापतो, वास जवळजवळ राहत नाही. ढीग उलटताना कडेचा थंड भाग आत ढकलायचा, म्हणजे तिथे लपलेल्या माशीच्या अळ्या आणि रोगजंतू उष्णतेत सापडतात. ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला तर बहुतेक रोगजंतू टिकत नाहीत, हे आजचे शास्त्रही मानते. सर्वांत चिवट म्हणजे पोटातल्या जंतांची अंडी. ती मरतील इतकी उष्णता सगळीकडे पोहोचवणे, हीच या कामातली परीक्षा आहे.

जॅक्सन आणि वाड यांचा लेख फेब्रुवारी १९३४ मध्ये इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये आला. म्हणजे शेतीची गोष्ट आता डॉक्टरांच्या मासिकात गेली. मध्य हिंदुस्थान आणि राजपुतान्यातील काही संस्थानांनी, काही नगरपालिकांनी ही रीत उचलली. कलकत्त्याजवळ टॉलीगंज येथे वॉटसन यांनी खालून हवा खेळवणाऱ्या नाल्यांचे विटांचे पक्के खड्डे बांधले. हॉवर्ड इंग्लंडमध्ये बसून ही सगळी माहिती गोळा करत होते. जुलै १९३८ मध्ये पोर्ट्समथच्या आरोग्य परिषदेपुढे या कामाचे नकाशे आणि खर्चाचे आकडे मांडले गेले, आणि १९४० च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात शहरांच्या घाणीसाठी एक स्वतंत्र प्रकरण आले. तो ग्रंथ त्यांनी गॅब्रिएल बाईंच्या स्मृतीला वाहिला आहे. शेतातून निघालेला कस धान्याच्या रूपाने शहरात येतो, आणि शहर तो पाण्याबरोबर नदीत आणि समुद्रात फेकून देते. ही उधळपट्टी फार काळ परवडणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मराठीत मैल्याच्या खताला सोनखत असा जुना शब्द आहे. ज्या कोणा शेतकऱ्याने तो बनवला त्याला हे हॉवर्ड यांच्याआधीच कळले होते.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदूरला आले होते. तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि नंतर ‘हरिजन’ साप्ताहिकातून इंदूर पद्धतीची माहिती वाचकांना दिली. ती माहिती नेमकी त्या साप्ताहिकात यावी, यात अर्थ आहे.

कारण हॉवर्ड यांच्या पद्धतीने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा तसाच ठेवला. मैला खड्ड्यापर्यंत आला की त्याचे सोने कसे करायचे, हे त्यांनी दाखवले. पण घरातून खड्ड्यापर्यंत तो येत होता तो माणसांच्या हातांनी आणि डोक्यांवरून. तीही ठरावीक जातींच्या माणसांच्या, बहुतेक वेळा बायकांच्या. खत सुधारले, टोपली सुटली नाही. त्या टोपलीविरुद्ध लढणारे लोक वेगळे होते. त्यांत आपल्या कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव घेतलेच पाहिजे. त्यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, ताजा मैला हाताळावा न लागता जागच्या जागी खत होईल, अशा संडासाचे प्रयोग केले. टोपलीचे संडास आणि माणसाकरवी मैला उचलणे यांवर बंदी घालणारा कायदा मात्र देशात १९९३ मध्ये झाला, आणि तो पुरेसा न ठरल्याने २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

हॉवर्ड यांचे काम पुढे आपल्याच देशात बदलत गेले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास असा प्रकार बसवला की खड्ड्यात कचरा आणि मैल्याचे थर भरून वरून मातीने लिंपून टाकायचे, उलटायचे नाही. वेळ जास्त लागतो, पण मैल्यात पुन्हा हात घालावा लागत नाही. शेतकीची पुस्तके याला ‘बंगलोर पद्धत’ म्हणतात आणि परीक्षेत दोन्हींतला फरक विचारतात. सर अल्बर्ट हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनजवळ ब्लॅकहीथ येथे वारले. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

आता आजचे पाहू. आपल्या इंदुरात गटारलाइन आहे, मैलापाणी शुद्ध करण्याचे कारखाने आहेत. पण २०११ च्या जनगणनेत देशातील शहरी घरांपैकी सुमारे ३३ टक्के घरेच गटारलाइनला जोडलेली होती आणि ३८ टक्के घरांत सेप्टिक टँक होता. माळव्यातील लहान गावे आणि शहराबाहेर नव्याने वसणाऱ्या कॉलन्या यांत हेच चित्र दिसते. फ्लश केले, पाणी गेले, म्हणजे काम झाले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. निदान जायला हवे. पुष्कळ घरांत ते उघड्या नालीत सोडलेले असते. गाळ भरत जातो, म्हणून दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी असा नियम आहे. आपण मात्र ती तुंबेपर्यंत थांबतो. मग टँकर येतो, उपसतो आणि निघून जातो. तो कुठे रिकामा होतो हे कोणी विचारत नाही. शुद्धीकरणाची सोय नसेल तर नाला, नदी किंवा पडीक जमीन. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा चर निदान ठरलेल्या जागी होता, आता तोही नाही.

हा गाळ जुन्या टोपलीच्या मैल्यासारखा नसतो. त्यात पाणीच फार असते, म्हणून तो थेट कचऱ्यात मिसळून ढीग तापत नाही. आधी वाळूच्या वाफ्यांवर पसरून वाळवावा लागतो, निथळलेले पाणी वेगळे शुद्ध करावे लागते. बंगळूरजवळच्या देवनहळ्ळी गावात २०१५ मध्ये असे केंद्र सुरू झाले. तिथे वाळलेला गाळ गावच्या ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत करण्याची सोय केली गेली. पाहिले तर जॅक्सन आणि वाड यांचाच ढीग. फरक असा की मैला आता पंप आणि नळीने टँकरमध्ये येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने याविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या गावांनी, तुंबण्याची वाट न पाहता, पाळीपाळीने प्रत्येक घराची टाकी उपसण्याची पद्धत सुरू केली.

पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. टाकी उपसायला माणूस आत उतरवू नका, तो स्वतः तयार असला तरी. टाकीत साचलेले विषारी वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतात, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने असे उतरवणे गुन्हा आहे. यंत्राची गाडीच बोलवावी.

इयत्ता आठवी आणि नववीच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी सेप्टिक टँक आहे, त्यांनी पुढील अंकापूर्वी घरच्या मोठ्यांना विचारून तीन गोष्टी एका कागदावर लिहून विज्ञानाच्या बाईंकडे द्याव्यात. टाकी शेवटची कोणत्या वर्षी उपसली, टाकीतून बाहेर पडणारे पाणी कुठे जाते, आणि उपसणारी गाडी गाळ कुठे नेते. तिसऱ्याचे उत्तर घरी मिळाले नाही तर गाडीवाल्याला किंवा नगर निगमच्या झोन कार्यालयात विचारावे. टाकीचे झाकण कोणीही उघडू नये.